‘मस्त होतं’ म्हणायला बंदी

औषधाच्या दुकानाचं एक बरं असतं. माल साचला, तारीख उलटली, की परत पाठवता येतो. किस्से मात्र एकदा साचले की साचले. ते परत घेणारं कोणी नसतं, आणि त्यांची तारीखही उलटत नाही! आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से माझ्याकडे असेच साचून राहिलेत.

वणीत माझं मेडिकल आहे. रविवारी दुपारी शटर ओढलं की वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमतो. याची सुरुवात काउंटरवरच झाली. देवतळे सर डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला यायचे. सर मराठीचे शिक्षक, आता रिटायर्ड. अर्धी वणी त्यांच्या हाताखालून गेलेली, मीसुद्धा. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू चालली होती, पण जीभ शाबूत होती. एक दिवस थेंबांची बाटली खिशात टाकत त्यांनी विचारलं, “नंदा, एवढ्यात काय वाचलंस?”

“एक कादंबरी वाचली सर. मस्त होती.”

“मस्त तर भजेही असतात! कादंबरीत काय होतं ते सांग.”

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. आठवडाभर जे पुस्तक उशाशी होतं, त्याबद्दल माझ्याकडे एक धड वाक्य नव्हतं. सर म्हणाले, “रविवारी येतो. तोवर आठव.”

ते आले, सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही आल्या. मग एकेक जण जोडला गेला. कोणी वाचलेलं सांगतो, कोणी पाहिलेलं, कोणी ऐकलेलं. नियम एकच, ‘मस्त होतं’ म्हणायचं नाही. काय झालं ते सांगायचं, आणि त्यानं आपल्याला काय झालं तेही सांगायचं.

पुस्तकांची, सिनेमांची नावं मी इथे देत नाही. नावं दिली की लोक किस्सा सोडतात आणि लेखकावरून भांडत बसतात. आमच्याकडे ते दर रविवारी चालतं!

*

अन्वरभाई कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. दिवसभर एवढ्या मोठ्या मशीनवर बसणारा माणूस, पण सिनेमात कोणी रडलं की याच्या डोळ्याला आधी धार लागते.

त्यांच्या अम्मींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाटेवर पडून पडून त्या कंटाळल्या. अन्वरभाईंनी मोबाईलवर एक कोरियन मालिका लावून दिली. भाषा कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं पळताहेत. अम्मींना दोन्ही कळेना. मग अन्वरभाईंनी काय केलं, एक वाक्य झालं की थांबवायचं, आपल्याला कळेल तसं खालचं वाचायचं, अम्मींना आपल्या बोलीत सांगायचं आणि परत चालू करायचं. तासाभराचा भाग ड्यूटीवरून आल्यावर दोन-दोन दिवस चाले.

त्यामुळे ती कोरियातली नटवी हिरोईन पावसात उभी राहून हिरोला म्हणायची, “मेरे को छोड के काय को जा रा रे बावा?” आणि तिची सासू म्हणायची, “ये बाई के लक्षण मेरे को पहले दिन से ठीक नहीं दिखे!”

त्यांनी हे बैठकीत करून दाखवलं तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो. पण अन्वरभाई स्वतः हसत नव्हते. म्हणाले, “ताई, मी इतकी वर्षं अम्मीसोबत एवढं कधी बोललोच नव्हतो. ड्यूटीवरून आलो, जेवलो, झोपलो. अन् आता आम्ही दोघं बसून एका बाईच्या नशिबाची काळजी करून राह्यलो.”

पुढे त्यांच्या भाचीला तीच मालिका हिंदी डबिंगमध्ये सापडली. तिनं मोठ्या हौशीनं टीव्हीवर लावून दिली. अम्मींनी पाच मिनिटं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, “बंद कर. ये बाई ऐसा नहीं बोलती!”

*

प्रज्ञा झरी जामणीकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. तीही सरांचीच विद्यार्थिनी. वडील आंबेडकरी चळवळीतले, घरात देव्हारा नव्हता पण पुस्तकांचं कपाट होतं, त्यामुळे वाचनाच्या बाबतीत ती आमच्यात सगळ्यात पक्की. रोज काळी-पिवळी जीपनं जाते-येते आणि वाटेत कानात काही ना काही लावून ऐकते.

मध्ये तिला झोप लागत नव्हती. कोणीतरी तिला एक कार्यक्रम सुचवला. एक बाई अगदी संथ, मऊ आवाजात सांगते, ‘डोळे मिटा. खांदे सैल सोडा. आता श्वासाकडे लक्ष द्या.’ प्रज्ञानं जीपमध्ये बसल्या बसल्या तो लावला आणि फोन पर्समध्ये टाकला. कानातलं यंत्र फोनला जोडलेलंच नव्हतं. आणि बाईंचा आवाज भरगच्च जीपमध्ये घुमला. ‘डोळे मिटा...’

प्रज्ञा घाबरून फोन शोधायला लागली. पर्स मांडीखाली, मांडीवर शेजारणीची पिशवी. तोवर जीपमधली बडबड थांबली होती. मागच्या बाकावरच्या दोन बायांनी खरंच डोळे मिटले होते.

पुढून ड्रायव्हर ओरडला, “मॅडम, बंद करा थे! माहे डोळे मिटून राह्यले!”

त्यावर एक म्हातारी खेकसली, “तू कायले ऐकतं? तू गाडी चालव ना! मॅडम, राहू द्या जी.”

मुकुटबन येईपर्यंत कार्यक्रम चालला. प्रज्ञाच्या शेजारची ती पिशवीवाली बाई तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली होती. स्टॉप आल्यावर प्रज्ञानं तिला हलवलं, तर ती एकदम दचकली आणि मग लाजली. म्हणाली, “पोरगी दवाखान्यात हाये जी. थे भरती झाल्यापासून मी निजलीच नव्हती.”

हे सांगताना प्रज्ञाचा आवाज बदलला. “सर, मी नर्स आहे. ती बाई पूर्ण रस्ता माझ्या बाजूला होती, आणि मी फोन शोधत होते.”

सर म्हणाले, “मग आता?”

“आता काय! आता मी बसले की अख्खी जीप म्हणते, मॅडम, लावा. ड्रायव्हरनं कानात कापूस घातलाय!”

*

मडावी वनरक्षक आहेत, मूळचे झरी जामणीचेच. बोलायला कमी. बैठकीला पहिल्यांदा आले ते खोकल्याचं औषध घ्यायला आणि मग बसूनच राहिले. माझ्या कपाटातून एकदा त्यांनी एक प्रेमकथा उचलून नेली. मी म्हटलं, “हे तुम्ही वाचणार?” म्हणाले, “जे हाती लागलं ते.”

दिवस मोहफुलांचे होते. पहाट फुटली की बायका टोपल्या घेऊन जंगलात जातात, वाकून फुलं वेचतात. आणि त्या वर्षी त्या भागात वाघ फिरत होता. वाकलेल्या माणसाला वाघ दिसत नाही, आणि वाघाला तो माणूस वाटत नाही. म्हणून मडावींची ड्यूटी लागली, बायकांसोबत जायचं, आवाज करत राहायचं, म्हणजे वाघ लांब राहतो.

पहिल्या दिवशी त्यांनी काठीनं डबा वाजवला. बायका म्हणाल्या, डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी गाणं म्हटलं. बायका म्हणाल्या, त्यापेक्षा वाघ बरा! शेवटी त्यांनी खिशातली ती कादंबरी काढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मध्ये मध्ये थांबून त्यांच्या कोलामी बोलीत समजावून सांगत.

कथा शहरातली. एका मोठ्या ऑफिसातली मुलगी आणि एक मुलगा. दोघांचं प्रेम आहे, दोघंही सांगत नाहीत आणि त्यावर पानंच्या पानं जातात. बायका फुलं वेचता वेचता ऐकायच्या आणि चिडायच्या.

“एवढी शिकली अन् तोंड उघडत नाही?”

“तुमी मारा ना मडावीसाहेब, एक आवाज तिले! म्हणा, इचार त्याले सरळ!”

मडावी म्हणाले, “पुस्तकातल्या बाईला मी कसा आवाज देऊ?” तर एक जण म्हणाली, “मंग आमाले कायले सांगता?”

हळूहळू गर्दी वाढली. जिच्या वाट्याला झाड नाही तीही टोपली घेऊन यायला लागली. फुलं संपली तरी प्रकरण संपेपर्यंत कोणी उठेना. एका सकाळी नाल्याच्या पलीकडे वानरांनी एकदम कल्ला केला. वाघ जवळपास असल्याची खूण ती. मडावींनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना गावाकडे चालायला सांगितलं. सगळ्या बायका एकमेकींना धरून निघाल्या. पाचोळ्यावरून चालल्याचा तेवढा आवाज.

थोडं अंतर गेल्यावर मागून एकीनं हळूच विचारलं, “साहेब, चालता चालता वाचता येत नाही काय?”

*

आता माझा स्वतःचा.

माझी मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरी करते. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. ती मला फोनवर सिनेमे पाठवते. ‘आई, हा बघच.’ मी बघते आणि रविवारी बैठकीत सांगते.

पहिला सिनेमा आला तो एका मुलीचा, जी शहरात एकटी राहते आणि आईला सगळं सांगत नाही. मी तो बैठकीत सांगितला. दुसरा आला एका जोडप्याचा, जात वेगळी, घरचे तयार नाहीत. तोही सांगितला. तिसऱ्यात एक विधवा आई. मुलीनं ठरवलेल्या लग्नाला आधी कडाडून विरोध करते आणि शेवटी वरातीत नाचते. मी म्हटलं, “दिग्दर्शन चांगलं आहे, पण शेवट जरा घाईत उरकला.”

अन्वरभाई माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “ताई, हे सिनेमे नाहीत. हे अर्ज आहेत!”

सगळे हसले. मीही हसले. पण पायऱ्या उतरून खाली आले, तेव्हा माझं हसू गेलं होतं. मला वाईट वाटलं ते तिनं मुलगा निवडला याचं नाही. माझ्या पोरीला माझ्यापर्यंत यायला एवढे सिनेमे लागले, याचं वाटलं. मी अशी कशी आई, की जिला आधी तयार करावं लागतं? मग आठवलं, की अन्वरभाई आणि अम्मी असोत की मोहाखालच्या बाया, दुसऱ्याच्या गोष्टीआडून बोलणं सगळ्यांनाच सोपं जातं. माझी पोर काही वेगळी नव्हती.

मी फोन लावला. “ऋतुजा, आता सिनेमे बस. मुलाला घेऊन ये.”

पलीकडून बारीक आवाजात, “तुला कोणी सांगितलं?”

“डंपरवाल्या अन्वरभाईंनी!”

तो आला. उंच, शांत, घाम पुसत बसलेला. रविवार होता म्हणून त्याला बैठकीतच बसवलं. सरांनी त्याच्या दिशेला तोंड करून विचारलं, “काय राजे, एवढ्यात काय पाहिलं?”

“सर, एक सिनेमा पाहिला. मस्त होता.”

“नापास!” सगळे एकदम ओरडले. पोरगा पार गोंधळला. ऋतुजानं कपाळाला हात लावला.

मग तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काकू, तो तिसरा सिनेमा मी निवडला होता. शेवट घाईत उरकलाय असं तुम्ही ऋतुजाला कळवलंत, ते मलाही वाटलं होतं. पण आईनं नाचणं मला पाहिजे होतं.”

पुढच्या उन्हाळ्यात लग्न आहे. मी अजून नाच शिकलेली नाही!

*

सरांची नजर पूर्ण गेली तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्या फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. वाचणारा आवाज मशीनचा होता. सर त्याच्याशी भांडायचे. “अरे, ‘ळ’ म्हण, ‘ळ’! जीभ मागे घे!” शेवटी वैतागून त्यांनी ते बंद केलं. म्हणाले, “हा सगळं एकाच सुरात वाचते. घर जळलं तरी तेच, वरात निघाली तरी तेच.”

मग काकूंनी वाचायला घेतलं. काकू कमी बोलणाऱ्या. बैठकीतही त्या कधी काही सांगत नसत, सरांच्या शेजारी बसून ऐकायच्या.

या दोघांचं एक सांगायला हवं. त्यांचा मुलगा, विवेक, कॉलेजात असताना घरात काहीतरी बोलाचाली झाली आणि तो निघून गेला. काही दिवस त्याचे फोन आले, मग बंद झाले. सरांनी खूप शोधलं. कुठून काही कळलं नाही. आता त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही दोघं एकत्र घराबाहेर पडले की शेजारी किल्ली ठेवून जातात. कोणासाठी, ते शेजारी विचारत नाहीत.

तर काकूंनी कपाटातून एक जाड कादंबरी काढली. सर आम्हाला हसत सांगत होते, “मी म्हटलं हे नको, दुसरं घे. तर म्हणते, काहून? म्हटलं, जाड आहे. तर म्हणते, जाडच पायजे, लवकर सरत नाही!”

कादंबरी एका नावाड्याच्या घरची. नदीवर नाव चालवणारा बाप, घरी आई, आणि बापाशी भांडून पलीकडच्या तीरावर निघून गेलेला मुलगा. काकू रोज थोडं थोडं वाचायच्या, आणि कुठपर्यंत आलं ते सर रविवारी सांगायचे. आमचा सगळ्यांचा जीव त्या मुलात अडकला. अन्वरभाई तर पायऱ्या चढता चढताच विचारायचे, “काकू, पोरगा आला काय?”

“अजून नाही,” काकू म्हणायच्या.

असा पावसाळा गेला, दिवाळी झाली. आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी सर बसल्या बसल्या म्हणाले, “आला.”

त्यांनी ते शेवटचं प्रकरण सांगितलं. संध्याकाळची वेळ. नावाडी नाव बांधायला वाकलाय. पलीकडून कोणीतरी हाक मारतं. धुक्यात माणूस दिसत नाही, नुसता आवाज. म्हातारा दोर तसाच हातात धरून उभा राहतो, मग नाव परत पाण्यात लोटतो. घरी आई मुलाला काही म्हणजे काही विचारत नाही. फक्त हातपाय धुवायला पाणी देते आणि म्हणते, भात गरम आहे.

अन्वरभाई उघड उघड रडले. मडावी खिडकीबाहेर बघत राहिले. काकू खाली मान घालून पदराची घडी नीट करत होत्या.

प्रज्ञाला राहवेना. तिनं तीच कादंबरी ग्रंथालयातून आणली आणि झपाट्यानं वाचून काढली. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा काकू सरांसाठी संत्रं सोलत होत्या. प्रज्ञाच्या हातात पुस्तक होतं.

“सर,” ती बसायच्या आधीच म्हणाली, “यात तर वेगळंच आहे! यात तो मुलगा येतच नाही. म्हातारा नाव बांधतो आणि दार लावून घेतो, तिथेच संपतं. शेवटी हाक, धुकं, भात, काहीच...”

आणि तिची नजर काकूंकडे गेली. काकूंचे हात संत्र्यावर थांबले होते. प्रज्ञानं पुस्तक मिटून ओढणीखाली घेतलं.

सर तोंड वर करून बसले होते, वर्गात आम्ही उत्तर देत असताना ते बसायचे तसे.

मग म्हणाले, “मी नोकरीला लागलो तेव्हा वाचली होती ही, प्रज्ञा. एकदा नाही, तीनदा. तुमच्या आधीच्या पोरांना वर्गात शिकवलीही आहे.” आणि काकूंच्या दिशेला तोंड वळवून म्हणाले, “आमच्या घरच्या पुस्तकात तो येते.”

काकूंनी संत्र्याची एक फोड घेतली, बोटांनी चाचपली आणि सरांच्या तळहातावर ठेवली.

“घ्या जी,” त्या म्हणाल्या. “बिया काढल्या.”